स्पार्कमधून एस३ वाचताना ‘नोसचमेथड’ आणि ‘क्लासनॉटफाउंड’: जार नेमक्या कशा जुळवायच्या

लॅपटॉपवरची पार्के फाइल (डेटा स्तंभांनुसार साठवणारी फाइल) वाचणारा पायस्पार्कचा, म्हणजे मोठा डेटा अनेक मशीनवर वाटून हाताळणाऱ्या अपाची स्पार्कच्या पायथन रूपाचा, कोड नीट चालत असतो. पाथच्या सुरुवातीला ‘एस३ए’ लावून तोच कोड अमेझॉनच्या एस३ या स्टोरेजमधल्या बकेटवर सोडला, की दीड-दोनशे ओळींची स्टॅक ट्रेस अंगावर येते. शोधल्यावर कुणीतरी लिहिलेलं सापडतं की अमुक जार (जावाच्या क्लासांचं गाठोडं) टाका. ती टाकली की एरर बदलते. दुसरी टाकली की तिसरीच येते. चौथ्या-पाचव्या जारनंतर फोल्डरात अमेझॉनच्या एसडीकेच्या (सेवेशी बोलणाऱ्या तयार लायब्ररीच्या) तीन आवृत्त्या आणि स्पार्क ज्याच्या लायब्ररींवर चालतं त्या हडूपच्या दोन आवृत्त्या एकत्र नांदू लागतात. मग जो क्लास आधी सापडेल तो लोड होतो. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा हा प्रकार.

ही अडचण दर अपग्रेडला परत येते, कारण इथे एकावर एक असे तीन थर आहेत आणि तिघांच्या आवृत्त्या वेगवेगळ्या वेगाने पुढे जातात. सगळ्यात खाली स्पार्कबरोबर येणारा हडूप क्लायंट. त्यावर एस३शी बोलणारा कनेक्टर, म्हणजे हडूप-एडब्ल्यूएस नावाची जार. एस३ए ही योजना (पाथच्या सुरुवातीचं नाव, इंग्रजीत ‘स्कीम’) ओळखणारा फाइलसिस्टिम क्लास याच जारमध्ये असतो. आणि कनेक्टर ज्याच्या आधाराने चालतो ते अमेझॉनचं एसडीके. अपाचीच्या नेहमीच्या डाउनलोडमध्ये आणि पिपने बसवलेल्या पायस्पार्कमध्ये फक्त पहिला थर असतो. वरचे दोन तुम्हाला आणावे लागतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

नियम दोनच आहेत. कनेक्टरची आवृत्ती हडूप क्लायंटच्या आवृत्तीशी शेवटच्या आकड्यापर्यंत तंतोतंत सारखी हवी. ३.३.४ ला ३.३.६ चालेल, शेवटचा आकडा तर किरकोळ आहे, हा अंदाज इथे लागू पडत नाही. हडूपच्या मुख्य भागात आणि कनेक्टरमध्ये जे आतले इंटरफेस असतात ते बाहेरच्यांसाठी नाहीत. दोन्ही एकाच वेळी बिल्ड होतात, म्हणून पॅच रिलीजमध्येही ते बिनधास्त बदलले जातात. दुसरा नियम असा की एसडीकेची आवृत्ती आपण निवडायची नसते. कनेक्टर ज्या एसडीकेवर कंपाइल झाला तीच घ्यायची.

सर्रास वापरात असलेल्या जोड्या अशा (बंडल म्हणजे अख्खं एसडीके एकाच जारमध्ये):

स्पार्क ३.१ — हडूप ३.२.० — एसडीके बंडल १.११.३७५
स्पार्क ३.२ — हडूप ३.३.१ — एसडीके बंडल १.११.९०१
स्पार्क ३.३ — हडूप ३.३.२ — एसडीके बंडल १.११.१०२६
स्पार्क ३.४ आणि ३.५ — हडूप ३.३.४ — एसडीके बंडल १.१२.२६२
स्पार्क ४.० — हडूप ३.४.१ — एसडीके दुसरी पिढी, बंडल २.२४.६

ही यादी अपाचीच्या मूळ बिल्डसाठी आहे. कंपनीत कुणी स्वतः बांधलेलं स्पार्क असेल, किंवा डॉकर इमेज कुठून तरी उचललेली असेल, तर यादीवर विसंबू नका, मोजून बघा.

मोजणं अवघड नाही. स्पार्क जिथे बसवलं आहे तिथल्या ‘जार्स’ फोल्डरात ‘हडूप’ शब्दाने शोधा. स्पार्क ३.२ पासून तिथे हडूप-क्लायंट-एपीआय आणि हडूप-क्लायंट-रनटाइम या दोन जार दिसतात आणि नावाच्या शेवटी आकडा असतो. पिपने बसवलेल्या पायस्पार्कचा जार्स फोल्डर पायथनच्या साइट-पॅकेजेसमध्ये, पायस्पार्कच्या फोल्डराच्या आत सापडेल. मात्र फोल्डरात काय आहे आणि चालताना काय लोड झालं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून चालू सेशनमधूनही विचारा. हडूपच्या युटिल पॅकेजात व्हर्जनइन्फो नावाचा क्लास आहे, त्याचं गेटव्हर्जन बोलवा. स्काला शेलमध्ये ते सरळ बोलवता येतं. पायथनमध्ये स्पार्ककॉन्टेक्स्टच्या जेव्हीएम (जावाचा कोड चालवणारं यंत्र) दुव्यातून जावं लागतं. मशीनवर हडूप वेगळं बसवलेलं असेल आणि त्याच्या जारांचा पाथ स्पार्क-डिस्ट-क्लासपाथ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये दिलेला असेल, तर फोल्डर एक सांगतो आणि सेशन दुसरंच, हा अनुभव इथे येतो.

त्याहून पुढचं अवजार म्हणजे क्लासलाच विचारणं, की तू कुठल्या जारमधून आलास. जावात कुठल्याही क्लासचं प्रोटेक्शन डोमेन, त्यातला कोड सोर्स आणि त्याचं लोकेशन मागितलं की जारचा पूर्ण पाथ मिळतो. एस३एफाइलसिस्टिम, हडूपचा कॉन्फिगरेशन क्लास आणि एसडीकेचा क्लायंट, या तिघांना हा प्रश्न विचारा. तिघांच्या पाथमध्ये जे आकडे येतील ते वरच्या यादीतल्या एकाच ओळीत बसायला हवेत. क्लास लोडच होत नसेल, तर जेव्हीएमला ‘व्हर्बोज क्लास’ हा पर्याय देऊन लॉग एका फाइलीत घ्या आणि त्यात नाव शोधा. एकही जार टाकण्याआधी किंवा काढण्याआधी एवढं करा. दहा मिनिटं लागतात. त्याऐवजी अंदाजाने जार बदलत बसलं तर अख्खी दुपार जाते.

आता एरर वाचायची कशी ते बघू. दीडशे ओळींतल्या पहिल्या ओळीपेक्षा शेवटची ‘कॉज्ड बाय’ ओळ महत्त्वाची. त्यात ज्या क्लासचं नाव आहे, त्यावरून कुठला थर निसटला आहे ते कळतं.

एस३एफाइलसिस्टिम क्लास सापडला नाही, अशी तक्रार असेल तर कनेक्टर क्लासपाथवर, म्हणजे जावा जिथे क्लास शोधते त्या जागांच्या यादीत, नाहीच. ही सगळ्यात सोपी केस. योजनेचं नाव ‘एस३ए’ऐवजी नुसतं ‘एस३’ लिहिलं असेल, तर ‘नो फाइलसिस्टिम फॉर स्कीम एस३’ असं येतं. तिथे जारचा प्रश्नच नसतो, पाथ दुरुस्त करा. नुसतं ‘एस३’ लिहून चालणारी नोटबुकं बहुधा अमेझॉनच्या ईएमआर या तयार क्लस्टर सेवेवरून आलेली असतात, तिथे या नावामागे वेगळं फाइलसिस्टिम बसवलेलं असतं. ‘एस३एन’ कुठे दिसलं तर ते काढूनच टाका, हडूप ३ मध्ये ते उरलेलं नाही.

कॉम.अमेझॉनएडब्ल्यूएस ने सुरू होणारा क्लास सापडत नाही, म्हणजे कनेक्टर आला पण एसडीके राहिलं. मल्टीऑब्जेक्टडिलीटएक्सेप्शन आणि अमेझॉनक्लायंटएक्सेप्शन ही दोन नावं इथे वारंवार दिसतात. जार हाताने कॉपी करणाऱ्यांना ही एरर हमखास येते.

ओआरजी.अपाची.हडूप.एफएस ने सुरू होणारा (एस३एफाइलसिस्टिम सोडून) क्लास सापडत नसेल, तर कनेक्टर खालच्या क्लायंटपेक्षा नवा आहे. नेमकं कोणतं नाव दिसतं यावरून अंतरही कळतं. स्ट्रीमकेपेबिलिटीज दिसलं तर खाली हडूप २.७ आहे आणि वर तिसऱ्या पिढीचा कनेक्टर बसवला आहे. आयओस्टॅटिस्टिक्ससोर्स दिसलं तर खाली ३.२ आणि वर ३.३.१ किंवा पुढचा. इम्प्ल.प्रीफेच पॅकेजातलं प्रीफेचिंगस्टॅटिस्टिक्स दिसलं तर बहुतेक स्पार्क ३.५ वर हडूप-एडब्ल्यूएस ३.३.६ किंवा ३.४ चढवला आहे. हे शेवटचं हल्ली फार दिसतं. मेव्हन सेंट्रलवर, म्हणजे जावाच्या लायब्ररींच्या सार्वजनिक भांडारावर, गेलं की सगळ्यात वरची, सगळ्यात नवी आवृत्ती उचलायची हाताला सवयच लागलेली असते.

उलट दिशेने चूक झाली, म्हणजे क्लायंट नवा आणि कनेक्टर जुना, तर एरर क्लासची येत नाही, आकड्याची येते. नंबरफॉरमॅटएक्सेप्शन, आणि इनपुट स्ट्रिंग म्हणून ‘१००एम’ किंवा ‘६०एस’. पहिल्यांदा बघणारा आपल्या कॉन्फिगमध्ये ६०एस शोधत बसतो आणि तिथे ते सापडत नाही. कारण ते हडूपच्या जारमध्ये दडलेल्या कोअर-डिफॉल्ट एक्सएमएलमध्ये असतं. नव्या हडूपने काही डिफॉल्ट किमतींना एकक जोडलं: आकार मेगाबाइटमध्ये, वेळ सेकंदात. जुना कनेक्टर तीच किंमत नुसता पूर्णांक समजून वाचतो आणि अक्षरापाशी अडखळतो. ‘१००एम’ हडूप २.७ च्या कनेक्टरला छळायचं. ‘६०एस’ आता स्पार्क ४ वर ३.३.४ चा कनेक्टर ठेवणाऱ्यांना छळतं. कॉन्फिगमध्ये ती किंमत हाताने ६० लिहिली तर ही एरर जाते हे खरं, पण लगेच पुढची येते. त्या वाटेला जाऊ नका.

नोसचमेथडएरर सगळ्यात फसवी. क्लास सापडतो, मेथडही त्याच नावाची असते, तरी जेव्हीएम म्हणते की अशी मेथड नाही. याचं कारण जावाच्या बाइटकोडमध्ये आहे. मेथडला बोलावताना नावाबरोबर प्रत्येक आर्ग्युमेंटचा प्रकार आणि परतीचा प्रकारही नोंदला जातो, आणि त्यातलं एक जरी वेगळं निघालं तरी जोडणी होत नाही. याचं नेहमीचं उदाहरण गूगलच्या ग्वावा लायब्ररीतलं. प्रीकंडिशन्स क्लासमधली चेकआर्ग्युमेंट ही मेथड जुन्या ग्वावात कितीही आर्ग्युमेंट घेणारी एकच होती. ग्वावा २० मध्ये एक-दोन आर्ग्युमेंटसाठी वेगळ्या मेथड आल्या. सोर्स कोड जसाच्या तसा राहिला, पण नव्या ग्वावावर कंपाइल झालेला कोड नवी मेथड मागतो. स्पार्क ३ च्या जार्स फोल्डरात मात्र ग्वावा १४.०.१ असते. हडूप ३.२.० पर्यंत हे खपून गेलं, कारण त्यात ग्वावा ११ होती. ३.२.१ मध्ये हडूपने ग्वावा २७ घेतली. त्यामुळे स्पार्क ३.१ वर हडूप-एडब्ल्यूएस ३.२.० चालतो आणि ३.२.१ कोसळतो. शेवटचा आकडा किरकोळ नसतो, असं वर म्हटलं ते यासाठी.

इथे एक तोडगा सर्रास सुचवला जातो: जार्स फोल्डरातली ग्वावा १४ काढा आणि २७ टाका. वाचन सुरू होतं, पण स्पार्कबरोबर येणाऱ्या हाइव्हच्या लायब्ररी जुन्या ग्वावाच्या भरवशावर असतात आणि मेटास्टोअर (टेबलांच्या नोंदी ठेवणारी जागा) गाठायची वेळ आली की त्या तक्रार करू शकतात. कनेक्टर ३.२.० वर आणला तर फोल्डराला हातही लावावा लागत नाही. ३.३.१ पासून हडूप ग्वावाची नाव बदललेली स्वतःची प्रत वापरतं, त्यामुळे स्पार्क ३.२ नंतर हीच एरर दिसली तर दोषी बहुधा तुमच्या स्वतःच्या कोडची एखादी डिपेंडन्सी असते.

आता दुरुस्ती. सगळ्यात कमी चुकांची वाट म्हणजे स्पार्क-सबमिटला पॅकेजेस या पर्यायातून एकच नाव देणं: ओआरजी.अपाची.हडूप, हडूप-एडब्ल्यूएस, आणि मोजून आलेला आकडा. एसडीकेचं नाव देऊ नका. कनेक्टरच्या पॉममध्ये (त्याला लागणाऱ्या जारांची यादी असलेल्या फाइलीत) योग्य एसडीके लिहिलेलं असतं, आयव्ही (जार उतरवून आणणारं साधन) ते आपोआप आणतं. ३.३.४ मागितल्यावर सुरुवातीच्या लॉगमध्ये ‘फाउंड’ शब्दाच्या तीन ओळी दिसल्या पाहिजेत: हडूप-एडब्ल्यूएस ३.३.४, एडब्ल्यूएस-जावा-एसडीके-बंडल १.१२.२६२ आणि वाइल्डफ्लाय-ओपनएसएसएल १.०.७. चौथी ओळ आली तर ती कुठून आली ते बघा. हडूप-कॉमन किंवा हडूप-क्लायंट हाताने कधीच मागू नका. स्पार्कच्या दोन क्लायंट जारमध्ये ते सगळं आधीच आहे, आणि दुसरी प्रत आली की कोणती आधी लोड होईल याची खात्री देता येत नाही.

दुसरी वाट म्हणजे स्पार्क-हडूप-क्लाउड हे स्पार्कचंच मॉड्यूल. इथे आकडा स्पार्कचा द्यायचा, हडूपचा नाही, आणि नावात स्कालाची आवृत्ती असते. हडूपची जुळणी स्पार्कवाल्यांनी आधीच करून ठेवलेली असते, त्यामुळे गफलतीला जागा उरत नाही. एस३वर सुरक्षित लिहिण्यासाठी मॅजिक किंवा स्टेजिंग कमिटर (लिहिलेलं शेवटी पक्कं करणारा भाग) वापरणार असाल, तर हे मॉड्यूल लागतंच. ते नसेल तर पाथआउटपुटकमिटप्रोटोकॉल सापडत नाही. तोटा एवढाच की हे मॉड्यूल इतर क्लाउडचे कनेक्टरही ओढून आणतं आणि डाउनलोड फुगतं.

क्लस्टरला इंटरनेट नसेल तर जार हातानेच ठेवाव्या लागतात. तेव्हा कनेक्टर आणि बंडल दोन्ही स्पार्कच्या जार्स फोल्डरात ठेवा. कनेक्टर एक एमबीच्या आसपास असतो, १.१२.२६२ चं बंडल अडीचशे एमबीहून मोठं. हे आकार लक्षात ठेवा, कारण डॉकरफाइलमध्ये कर्लने जार आणताना पाथ चुकला तर सर्व्हरचं ४०४ चं पान जारच्या नावाने सेव्ह होतं, बिल्ड यशस्वी होतो, आणि चालवताना झिपचा हेडर सापडत नाही अशी भलतीच एरर येते. कर्लला एचटीटीपी एररवर थांबण्याचा पर्याय द्या आणि मेव्हन सेंट्रलवर जारशेजारी असलेल्या एसएचए१ शी पडताळून बघा.

पॅकेजेसची वाट घेऊनही काही ठिकाणी गाडी अडते. सगळ्यात जास्त अडते ती नोटबुकमध्ये. स्पार्क.जार्स.पॅकेजेस ही सेटिंग जेव्हीएम उठण्याआधी लागते. सेशन एकदा उभं राहिलं, की बिल्डरमध्ये ती कितीही वेळा लिहा, गेटऑरक्रिएट जुनंच सेशन परत देतं आणि फार तर एक इशारा छापतं. सेशन थांबवलं तरी जेव्हीएम जिवंतच असते. कर्नल रीस्टार्ट करा आणि पहिल्याच सेलमध्ये ही सेटिंग ठेवा. स्पार्क-सबमिटने चालवलेल्या कोडच्या आत ही सेटिंग लिहिणंही उशिराचंच, कारण सबमिटचं काम तोवर आटोपलेलं असतं. ती कमांडलाइनवर किंवा स्पार्क-डिफॉल्ट्सच्या कॉन्फ फाइलीत हवी.

दुसरी जागा एक्झिक्युटरची. स्कीमा दिसतो, फाइलींची यादी येते, आणि पहिली टास्क सुटली की क्लास सापडत नाही. याचा अर्थ ड्रायव्हरकडे (काम वाटून देणाऱ्या प्रोसेसकडे) जार आहे, एक्झिक्युटरकडे (ते काम करणाऱ्या प्रोसेसकडे) नाही. यादी करणं ड्रायव्हरचं काम, प्रत्यक्ष वाचणं एक्झिक्युटरचं. ड्रायव्हरच्या एक्स्ट्राक्लासपाथमध्ये पाथ लिहिला, की बहुतेकदा हेच होतं. ती सेटिंग जार कुठेही पाठवत नाही, फक्त पाथ सांगते. तो पाथ प्रत्येक मशीनवर खरोखर असावा लागतो.

कुबरनेटीसवर कंटेनरमधल्या युजरला होम डिरेक्टरी नसली की आयव्ही ‘बेसडिर मस्ट बी अॅब्सोल्यूट’ म्हणत थांबतं आणि पाथमध्ये प्रश्नचिन्ह दिसतं. स्पार्क.जार्स.आयव्ही ला टेम्प फोल्डरातली जागा द्या. तिथे खरं तर जार इमेजमध्येच भाजून ठेवाव्यात. दर जॉबला अडीचशे एमबी उतरवणं परवडत नाही आणि मेव्हनचा मिरर बंद पडला की रात्रीचे सगळे जॉब बसतात.

आयव्हीने एकदा अर्धवट डाउनलोड केलं, की कॅशमध्ये तेच राहतं आणि आकडे बरोबर असूनही ‘अनरिझॉल्व्ड डिपेंडन्सी’ येत राहतं. होममधल्या डॉट-आयव्ही२ फोल्डरातून, आणि मेव्हनचा डॉट-एम२ असेल तर त्यातूनही, ते एक पॅकेज काढून टाका. अख्खी कॅश उडवायची गरज नसते. स्पार्क ४ मध्ये आयव्हीचा फोल्डर वेगळ्या नावाचा आहे, तेव्हा जुना साफ करून काही फरक पडला नाही तर दुसरा बघा.

फॅट जार, म्हणजे आपला कोड आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी एकाच जारमध्ये, बांधणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. स्पार्क आणि हडूप ‘प्रोव्हाइडेड’ ठेवा, नाहीतर तुमच्या जारमध्ये हडूपची आणखी एक प्रत जाते. आणि शेडिंग करताना, म्हणजे अनेक जार एकात मिसळताना, मेटा-इन्फमधल्या सर्व्हिसेस फाइली एकमेकींवर लिहिल्या जातात. हडूपची फाइलसिस्टिमची यादी अशाच एका फाइलीत असते. शेवटची उरते, बाकीच्या जातात, आणि ‘नो फाइलसिस्टिम फॉर स्कीम’ येतं, कधीकधी तर साध्या ‘फाइल’ योजनेसाठीसुद्धा. मेव्हनच्या शेड प्लगिनमध्ये सर्व्हिसेस रिसोर्स ट्रान्सफॉर्मर लावा. एसबीटी असेंब्लीमध्ये या फाइलींसाठी ‘डिसकार्ड’ किंवा ‘फर्स्ट’ नको, ओळी एकत्र करणारी पद्धत द्या.

एकच डिपेंडन्सी यादी दोन बिल्ड टूलमध्ये दोन वेगळे निकाल देते, हेही ध्यानात असू द्या. आवृत्त्यांचं भांडण लागलं की मेव्हन मुळाशी जवळची निवडतं. ग्रेडल आणि आयव्ही सगळ्यात नवी निवडतात. म्हणून मेव्हनवरून ग्रेडलवर गेलेला प्रोजेक्ट कुणी कशाला हात न लावता तुटतो. मेव्हनमध्ये डिपेंडन्सी-ट्री व्हर्बोज करून बघा, एसडीके आणि जॅक्सनच्या ओळी कुणामुळे आल्या ते तिथे दिसतं.

‘युजरक्लासपाथफर्स्ट’ नावाची एक सेटिंग आहे, ड्रायव्हरसाठी एक, एक्झिक्युटरसाठी एक. ती लावली की तुमच्या जार स्पार्कच्या आधी बघितल्या जातात, त्यामुळे अडचणीत सापडलेल्यांना ती देवासारखी वाटते. पण तेव्हा एकच क्लास दोन लोडरकडून दोनदा लोड होऊ शकतो, आणि जेव्हीएमच्या दृष्टीने ते दोन वेगळे क्लास असतात. मग क्लासकास्टएक्सेप्शन येतं ज्यात दोन्ही बाजूंना अगदी तेच नाव असतं. कनेक्टरसाठी ही सेटिंग वापरू नका. तुमच्याच कोडच्या जॅक्सन किंवा प्रोटोबफसाठी हवी असेल, तर ती लायब्ररी शेड करून तिचं पॅकेज नाव बदलणं जास्त टिकाऊ.

मुंबई रीजनबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण एपी-साउथ-१ मधल्या बकेटवर जुने क्लस्टर चालवणारे आपल्याकडे अजून आहेत. हा रीजन २०१६ मध्ये सुरू झाला आणि तिथे विनंतीवर (ती कुणाची हे पटवणारी) फक्त चौथ्या आवृत्तीची सही चालते. हडूप २.७ चा कनेक्टर एसडीके १.७.४ वापरतो आणि त्यात जुनी सही डिफॉल्ट आहे. निकाल: ४०० बॅड रिक्वेस्ट, कारण काहीच नाही. लोक इथे एसडीके नवं टाकतात, आणि मग ट्रान्सफरमॅनेजरच्या कन्स्ट्रक्टरवर नोसचमेथडएरर येते. जुन्या एसडीकेत तो थ्रेडपूलएक्झिक्युटर घ्यायचा, नव्यात एक्झिक्युटरसर्व्हिस घेतो. जुनं एसडीके तसंच ठेवा. एंडपॉइंट एस३.एपी-साउथ-१.अमेझॉनएडब्ल्यूएस.कॉम असा स्पष्ट द्या आणि एनेबलव्ही४ ही सिस्टिम प्रॉपर्टी ड्रायव्हर व एक्झिक्युटर दोघांच्याही जावा ऑप्शन्समध्ये ‘ट्रू’ करा. एकालाच दिली तर यादी येते आणि वाचन मरतं, किंवा याच्या उलट. हडूप ३.३.१ पासून हे सगळं लागत नाही, एंडपॉइंट.रीजन ही सेटिंग पुरते.

स्पार्क ४ वर जाणाऱ्यांनी आकडे बदलण्यापुरतं थांबू नये. हडूप ३.४ पासून कनेक्टर एसडीकेच्या दुसऱ्या पिढीवर गेला आणि पॅकेजचं नावच सॉफ्टवेअर.अमेझॉन.एडब्ल्यूएसएसडीके झालं. पहिल्या पिढीला अमेझॉनचा आधार ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतच होता, तेव्हा परतीचा विचार करू नका. कॉन्फिगमध्ये क्रेडेन्शियल प्रोव्हायडर म्हणून कॉम.अमेझॉनएडब्ल्यूएसने सुरू होणारा क्लास लिहिला असेल तर तो तपासा. काही प्रचलित नावं कनेक्टर स्वतः नव्यात बदलून घेतो, पण तुमचा स्वतःचा प्रोव्हायडर नव्या इंटरफेसवर पुन्हा लिहावा लागेल. स्काला फक्त २.१३ आहे, त्यामुळे नावाच्या शेवटी २.१२ असलेलं प्रत्येक पॅकेज बदला. स्काला.सीरियलायझेबल सापडत नाही किंवा स्काला.प्रीडेफच्या मेथडवर एरर आली, तर असं एखादं राहून गेलं आहे. जावा १७ लागते. ११ वर चालवलं तर क्लास फाइल व्हर्जन ६१.० ची तक्रार येते. ६१ म्हणजे १७, ५५ म्हणजे ११, ५२ म्हणजे ८.

रिक्वायरमेंट्सच्या फाइलीत पायस्पार्कपुढे आकडा नसेल तर हा सगळा बदल तुमच्या नकळत होतो. सीआयने (आपोआप बिल्ड करणाऱ्या यंत्रणेने) रात्री नवी इमेज बांधली, पायस्पार्क ४ आला, कोडमध्ये कोरलेला हडूप-एडब्ल्यूएस ३.३.४ तसाच राहिला, आणि सकाळी ‘६०एस’ स्वागताला हजर. आकडा लिहा, आणि कनेक्टरचा आकडा त्याच फाइलीत शेजारी कॉमेंटमध्ये ठेवा.

सिक्युरिटी स्कॅनरने एसडीकेच्या बंडलवर लाल शेरा मारला म्हणून नुसतं बंडल बदलायचं का? पहिल्या पिढीत १.१२ च्या आतच पुढचं बंडल घेतलं तर बहुतेकदा निभतं, तरी लिहिणं आणि पुसणं दोन्हींची चाचणी घ्या, नुसतं वाचून समाधान मानू नका. दुसऱ्या पिढीत जास्त जपून. २.३०.० पासून एसडीके प्रत्येक अपलोडला आपणहून चेकसम जोडतं. अमेझॉनच्या एस३ला ते चालतं, पण एस३सारखं बोलणाऱ्या दुसऱ्या स्टोअरच्या जुन्या आवृत्त्या ते नाकारू शकतात. वाचन ठीक आणि लिहिताना ४००, असं चित्र दिसलं तर पहिला संशय याच्यावर घ्या.

अझूरच्या हडूप-अझूर जारलाही तंतोतंत जुळणीचा तोच नियम लागू आहे. गूगलचा जीसीएस कनेक्टर हडूपच्या आकड्याशी बांधलेला नसतो. तिथे हडूप३ साठीची शेड केलेली जार घेतली की ग्वावाचं भांडण टळतं. आइसबर्ग या टेबल-फॉरमॅटचं स्वतःचं एस३फाइलआयओ दुसऱ्या पिढीचं एसडीके वापरतं. पॅकेज नावं वेगळी असल्याने ते आणि पहिल्या पिढीचं बंडल एकाच क्लासपाथवर सुखाने राहतात, तेव्हा तिथे घाबरून काही काढू नका. डेल्टा (हाही टेबल-फॉरमॅटच) मात्र स्पार्कच्या आवृत्तीला बांधलेलं आहे: ३.४ ला डेल्टा २.४, ३.५ ला डेल्टा ३.

दुरुस्तीनंतरची चाचणी छोटी ठेवा. बकेटमधली एक लहान फाइल वाचा, दहा ओळी दुसऱ्या पाथवर लिहा, तोच पाथ ओव्हरराइट करा. ओव्हरराइटमध्ये पुसण्याचा कोड चालतो आणि राहून गेलेले क्लास बहुधा तिथेच सापडतात. या टप्प्यावर ४०३ फॉरबिडन आलं तर जारांना हात लावू नका. विनंती सर्व्हरपर्यंत पोचली आणि त्याने नाही म्हटलं, म्हणजे तिन्ही थर जुळले आहेत. आता आयएएमची (अमेझॉनच्या परवानग्यांच्या सेवेची) पॉलिसी, बकेटचं नाव आणि मशीनचं घड्याळ बघायचं.